लाल त्रिकोणामागची वायर

आंबा घाटात साखरप्याच्या बाजूनं वर चढताना धुकं लागलं आणि आंबा गाव चार-पाच वळणांवर आलेलं असताना मागचं डावं चाक बसलं. ऑगस्टातली संध्याकाळ, सातचा सुमार. एका अंगाला पाण्यानं भरलेलं गटार, दुसऱ्या अंगाला वरून उतरणारे ट्रक, आणि मधे आमची बारा वर्षं वापरलेली छोटी गाडी. जमेल तेवढी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि डॅशबोर्डच्या मधोमध असलेलं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. काही झालं नाही. ना टिक-टिक, ना मीटरमधले दोन हिरवे बाण.

"अगं, नीट दाब की," शेजारून आई म्हणाली. नीट दाबलं. अंगठ्यानं दाबलं, चारदा दाबलं. मग उजवा इंडिकेटर लावून पाहिला, तर तो झकास लागला. डावाही लागला. एकेक बाजू चालत होती, चारी मिळून चालायला तयार नव्हते. शेवटी उजवा इंडिकेटरच लावून ठेवला. मागून येणारा त्याचा अर्थ 'ही आता निघाली' असा घेईल, हे डिकीतून स्टेपनी काढताना डोक्यात आलं.

दुधाचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. खाली उतरून कडेच्या झाडाच्या दोन भरगच्च फांद्या मोडल्या, गाडीच्या मागे बऱ्याच पावलांवर रस्त्यात टाकल्या, वर तीन दगड ठेवले आणि मगच जॅकला हात लावला. चाक बदलून झाल्यावर एवढंच बजावलं, "ताई, जाताना दगड उचला. न्हाईतर अंधारात मागचा कोणतरी त्याच्यावरच जाईल."

महिन्याभरानं संपादकांचा फोन आला. यंदाच्या दिवाळी अंकाचं सूत्र 'उजेड'. पणत्या, आकाशकंदील आणि दीपमाळा यांवर तिघं आधीच लिहिताहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. म्हटलं, मग मला न लागलेल्या दिव्यावर लिहू द्या.

काय चालतंय ते आधी सांगा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगच्या गोंगाटात एक दहा-बाय-बाराचं दुकान आहे. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन', लोकांच्या तोंडी 'वायरिंगवाले मामा'. साठी ओलांडलेले, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात टेस्टर. लेखात नाव घालू का विचारलं, तर नको म्हणाले. "नाव छापलासा की लोक फोनवर फॉल्ट विचारत्यात."

फोनवर मी काय बंद आहे ते सविस्तर सांगितलं होतं. दुकानात गेल्यावर पुन्हा तेच सुरू केलं, तर मामांनी हात वर केला. "बंद काय हाय ते कळलं. चालतंय काय, ते सांगा."

हा प्रश्न साधा वाटतो, पण अर्धी तपासणी त्यातच उरकते. लाल त्रिकोणाच्या बटणानं लागतात ते हॅझार्ड लाईट म्हणजे वेगळे दिवे नव्हेत. इंडिकेटरचेच बल्ब, तेच होल्डर, तीच मागे-पुढे जाणारी वायर आणि बहुतेक जुन्या गाड्यांत तोच दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर. वेगळं असतं ते फक्त वरून येणारं पाणी. इंडिकेटरला करंट मिळतो तो चावी फिरवल्यावर. हॅझार्डला मात्र थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून, चावी नसतानाही मिळावा लागतो, कारण तो लावायची वेळ येते तेव्हा गाडी बंद पडलेली असू शकते. एकाच विहिरीचे दोन पाट, पुढं जाऊन एकाच वाफ्यात मिळणारे.

त्यामुळं माझे दोन्ही इंडिकेटर लागत होते, या एका साक्षीवर मामांनी बसल्या जागी बरंच काही निकालात काढलं. बल्ब चांगले, होल्डर चांगले, फ्लॅशर चांगला, दिव्यांचा 'अर्थ', म्हणजे करंट परत नेणारी जोडणी, तीही चांगली. उरला तो हॅझार्डचा स्वतःचा पाट: फ्यूज, लाल बटण आणि त्या दोहोंमधली वायर. उलट असतं, म्हणजे चारी लागताहेत आणि इंडिकेटर नाही, तर संशय चावीच्या बाजूच्या फ्यूजवर किंवा स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचवर गेला असता. दोन्ही बंद असते तर आधी फ्लॅशर. आणि एकच कोपरा मेलेला असता तर गाडीच्या आत शिरायचंच नाही, सरळ त्या कोपऱ्यात जायचं.

"आन् हॉर्न?" मामांनी विचारलं. मी गोंधळले. हॉर्नचा काय संबंध? संबंध असा की बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि हॅझार्ड एकाच फ्यूजवर असतात. माझा हॉर्न वाजत होता. फ्यूजबॉक्सचं झाकण उलटून आतली नक्षी वाचली, तर माझ्या गाडीतही दोघं शेजारी नव्हे, एकाच घरात. म्हणजे फ्यूजही सुटला. न उघडता, न उसवता शोध एका बटणावर आणि हातभर वायरवर आला.

लाल बटणाला मात्र मामा सहज सोडत नाहीत. ते महिनोन्‌महिने कुणी दाबत नाही, आणि न दाबलेल्या बटणाच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंटही या बटणाच्या पोटातून फिरून जातो. तिथं तर गंमतच: लाल बटण खराब झालं की इंडिकेटर बंद पडतात आणि माणूस स्टिअरिंगखालचा महागडा स्विच बदलून बसतो. अशा गाडीत मामा आधी लाल बटण वीस-पंचवीस वेळा दाबतात. घासून थर निघतो, इंडिकेटर जागे होतात. "दुरुस्ती न्हवं ती," ते म्हणाले, "पण फॉल्ट कुठं हाय ते कळतंय की फुकटात."

टिक-टिक

दुकानाच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्यात निवृत्त झालेले फ्लॅशर. एक ॲल्युमिनियमचा, अंगठ्याएवढा, झाकण उचकटलेला. आत एक पत्र्याची पट्टी आणि तिला गुंडाळलेली केसाइतकी बारीक तार. मामांनी तो बॅटरीला लावून दाखवला. दोन वेगळ्या धातूंची ही जोडपट्टी तापली की वाकते, कारण एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. वाकली की सांधा तुटतो, दिवा विझतो, पट्टी निवते, पुन्हा सरळ होते, दिवा लागतो. आपण ज्याला टिक-टिक म्हणतो तो या पट्टीचा आवाज. तिची चाल बल्ब किती करंट ओढतात यावरच अवलंबून, त्यामुळं एखादा बल्ब उडाला की ती मंदावते किंवा दिवा नुसताच लागून राहतो.

नंतरच्या फ्लॅशरमध्ये पट्टीची जागा चिप आणि छोट्या रिलेनं घेतली. ही चिप दिव्यांकडं जाणारा करंट सतत मोजत असते. पुढचा आणि मागचा बल्ब 21 वॅटचा, फेंडरवरचा छोटा 5 वॅटचा. एका बाजूचे मिळून 47 वॅट, म्हणजे बारा व्होल्टला सुमारे चार अँपिअर. मोठ्या दोघांपैकी एक उडाला की करंट जवळजवळ निम्म्यावर येतो आणि चिप मुद्दाम दुप्पट वेगानं टिकटिकायला लागते. ड्रायव्हरला कळावं म्हणून केलेली ती बोंब असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये इंडिकेटरनं मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावं असं आहे. गाडीच्या बाहेर उभं राहून घड्याळ लावून मोजता येतं, मीही मोजलं.

एलईडीनं या चिपची पंचाईत केली. हौसेनं बसवलेला एलईडी बल्ब दोन-तीन वॅटच घेतो. चिपला वाटतं बल्ब उडाला, आणि धडधाकट दिवे घाबरल्यासारखे लुकलुकतात. त्यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे प्रत्येक एलईडीला जोडायचा सहा ओहमचा सोनेरी रेझिस्टर. तो दोन अँपिअर उगाचच पिऊन टाकतो आणि चिपची समजूत काढतो. पण ते चोवीस-पंचवीस वॅट जातात कुठं, तर उष्णतेत. बंपरच्या प्लास्टिकला चिकटवलेला असा एक रेझिस्टर आणि त्याखाली पडलेला खड्डा मामांनी दाखवला. फ्लॅशरच एलईडीला चालणारा घ्यावा, हा सरळ मार्ग. लोक तो घेत नाहीत, कारण चार रेझिस्टर बसवलेले दिसतात आणि एक फ्लॅशर बदललेला दिसत नाही.

एक बारकावा इथं सांगून ठेवते. हॅझार्ड लावल्यावर चारी कोपरे मिळून 94 वॅट होतात. त्यातला एक बल्ब गेला तरी उरलेला करंट चिपच्या हिशेबात भरपूर असतो, त्यामुळं ती बोंब मारत नाही. हॅझार्ड एका लयीत चालू आहे म्हणजे सगळे दिवे लागले आहेत, असं नव्हे.

मीटर आणि बल्ब

माझ्या गाडीचं लाल बटण मामांनी एका पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं उचकून बाहेर काढलं. मागचा कपलर हातात घेतला. वायरीत टाचणी टोचायची नाही, हा त्यांचा नियम. "टोचली की तिथं पाणी शिरलं म्हणून समजा. आज न्हाई, पुढच्या पावसाळ्यात." मीटरची तार त्यांनी कपलरच्या पाठीमागून, वायर शिरते त्या फटीतून आत सरकवली. काळी तार गाडीच्या पत्र्याला.

आकडा आला 12.3.

मला वाटलं संपलं. करंट येतोय, म्हणजे बटण खराब. मामांनी मीटर बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेलं एक होल्डर उतरवलं. त्यात 21 वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, दोन टोकांना चिमटे. हा त्यांचा टेस्टिंग बल्ब. मीटर घेण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. त्याच दोन जागी लावला. बल्ब लागला नाही. तो तसाच ठेवून शेजारी पुन्हा मीटर धरला, तर 12.3 चा आकडा एका व्होल्टच्याही खाली बसला होता. बल्ब काढला, पुन्हा 12.3. लावला, पुन्हा भुईसपाट.

मी तीन वेळा करून बघितलं, कारण विश्वास बसेना.

झालं होतं असं. चांगला मीटर वायरीतून जवळपास काहीच ओढत नाही. वायर आतून कुजून तिचा एकच धागा उरला असेल, तरी मीटरला बारा व्होल्ट दिसतात; नळाची तोटी बंद असताना अर्धवट तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो तसे. तोटी उघडा, मग कळतं. बल्ब म्हणजे उघडी तोटी. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि कुजलेल्या वायरीला तेवढे देता येत नाहीत. गंमत म्हणजे बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापल्यावर असतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळं पहिल्या क्षणी तो आणखीच हावऱ्यासारखा ओढतो.

आणि हॅझार्डची भूक इंडिकेटरच्या दुप्पट: आठ अँपिअरच्या जवळ. एखाद्या सांध्यात ओहमचा फक्त दहावा भाग एवढा अडथळा असेल, तर आठ अँपिअरला तिथं पाऊण व्होल्टच्या वर गळती होते आणि त्या हरभऱ्याएवढ्या जागेत सहा वॅट उष्णता साठते. कपलरचं पांढरं प्लास्टिक चॉकलेटी झालेलं दिसतं ते यामुळं. इंडिकेटरपुरता कसाबसा निभावून नेणारा सांधा हॅझार्ड लावल्यावर उघडा पडतो.

तर माझा फॉल्ट फ्यूज आणि बटण यांच्या मधल्या वायरीत. हातभरच, पण डॅशबोर्डच्या आत. डॅशबोर्ड उसवायचा म्हणजे दिवस गेला. मामांनी उसवला नाही. स्टुलावर बसले आणि विचारलं, "गाडीत बाहेरनं काय काय बसवलंय?"

सेंट्रल लॉक, म्हटलं. गाडी घेतली त्या वर्षी, एका ॲक्सेसरीच्या दुकानातून.

"रिमोट नीट चालतोय?"

इथं मला कबूल करावं लागलं की गेलं वर्षभर लॉक कधी लागतं, कधी नाही. रिमोटचा सेल मी दोनदा बदलला होता. हॅझार्डशी त्याचा काही संबंध असेल, हे मनातही आलं नव्हतं, म्हणून 'आणखी काही बिघडलंय का' या प्रश्नाला मी मघाशी खुशाल 'नाही' म्हटलं होतं.

मामा सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गुडघ्यावर बसले, पायाच्या उजव्या अंगाचं प्लास्टिकचं आवरण ओढून काढलं आणि बॅटरीचा उजेड मारला. वायरींच्या जुडग्यात काळ्या टेपचा एक गोळा होता. टेपचा गोंद पाघळून मधासारखा झालेला. नखानं टेप सोडवली. आत हॅझार्डच्या वायरीचं कातडं दातांनी सोलावं तसं सोललेलं, त्यावर सेंट्रल लॉकची लाल वायर नुसती पिळून गुंडाळलेली. चावीशिवाय करंट देणारी वायर हवी, ही सापडली, झालं काम. बारा पावसाळे बुटांवरून ओघळलेलं पाणी तिथं पोचलं होतं. तांबं म्हणून ओळखू येईल असं काही उरलंच नव्हतं. हिरवी-निळी पूड, तिच्यात दोन-तीन धागे. मामांनी बोटांनी हलवली तर तेही तुटले आणि पूड त्यांच्या नखावर बसली.

"सोल्डर नको, स्लीव्ह नको, नुसतं पिळायचं आन् टेप मारायची," ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम वाचवलंय त्यानं."

परतीची वाट

सांध्यावर चढवायची स्लीव्ह संपली होती. दुकानातलं पोरगं सायकलवरून आणायला गेलं, आणि तेवढ्यात गुळाच्या ढेपा वाहणारी एक पिकअप दारात आली. तक्रार ऐकून मला हसू आलं: ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो, आणि हॅझार्ड लावला की मागचा लाल दिवा नाचतो. ड्रायव्हरचं निदान ठरलेलं होतं. वायरी एकमेकींना चिकटल्यात, शॉर्ट झालंय.

मामांनी विचारलं, "पेंटिंग कधी केलंसा?" गणपतीच्या आधी, तो म्हणाला. आश्चर्यानं.

गाडीत दिव्यापर्यंत वायर जाते. परत येते ती बहुतेक वेळा पत्र्यातून. बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते आणि अख्खी बॉडी परतीची वायर होते. त्यानं निम्मं तांबं वाचतं. पण त्यासाठी प्रत्येक दिव्याजवळ एक छोटी वायर, तिच्या टोकाला कडी, आणि ती कडी उघड्या पत्र्यावर बोल्टनं घट्ट आवळलेली लागते. पेंटरनं मागची दिव्यांची जोडी काढली, पत्रा घासून सुंदर पांढरा रंग मारला आणि कडी रंगावरच बसवली. रंगातून करंट जात नाही.

मग दिव्यात शिरलेला करंट करतो काय? परत जायची वाट शोधतो. एकाच पेटीत ब्रेक, टेल, इंडिकेटर असे तिघं एका अर्थवर भाडेकरू. ब्रेकचा करंट पत्र्यात उतरू शकला नाही, तर इंडिकेटरच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो, त्याच्या वायरीनं पुढं जातो आणि पुढच्या दिव्याच्या चांगल्या अर्थमधून पत्रा गाठतो. जाताना त्या बिचाऱ्या इंडिकेटरला अर्धवट पेटवून जातो. ड्रायव्हरला वाटतं दोन वायरी चिकटल्या. खरं तर एक तुटलेली असते.

मामांनी हॅझार्ड चालू ठेवूनच मीटरची एक तार होल्डरच्या धातूला आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. दोन्ही ऋण बाजूच, आकडा शून्याच्या जवळ हवा. दशांश एक-दोन व्होल्ट चालतात. दिवा लागेल तेव्हा इथं तीनच्या वर उडी. बोल्ट काढला, पान्याच्या टोकानं आठ आण्याएवढा रंग खरवडला, कडी आवळली, वर ग्रीस लावलं. तीन व्होल्ट गेले. सगळं मिळून सात मिनिटं, त्यातली दोन ग्रीसचा डबा शोधण्यात.

जाणारा करंट सगळे तपासतात, परतणारा कुणी तपासत नाही, असं माझं या दिवसापुरतं मत झालं आहे. बल्ब बदलतील, फ्लॅशर बदलतील, बटण बदलतील. बोल्टखालचा रंग बघणार नाहीत. एकदा तर एका गिऱ्हाइकानं दोन धाग्यांच्या होल्डरमध्ये एका धाग्याचा बल्ब दाबून बसवला होता. त्याच्या बुडाच्या एकाच गोल टिपक्यानं होल्डरमधले दोन्ही सांधे जोडले आणि टेल लावला की ब्रेकलाईट लागायला लागली. बल्बच्या पिना उगाच वाकड्या-तिरक्या नसतात. नारिंगी बल्बच्या दोन पिना समोरासमोर न बसवता मुद्दाम कोनात बसवलेल्या असतात, की पांढऱ्या बल्बच्या जागी तो जाऊ नये. आपल्याकडं पिना कानशीनं घासून तो जातो.

कोल्हापुरात अर्थच्या गोष्टी निघाल्या की महापूर येतोच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला आणि कित्येक गाड्या दारातच बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्या सुकवून चालू झाल्या. फॉल्ट आले सहा महिन्यांनी, वर्षानं. बॅटरी जोडलेली असताना वायर पाण्यात राहिली, तर धन बाजूचं तांबं झपाट्यानं झिजतं. पाण्यातून करंट वाहतो आणि तांबं विरघळवत जातो. शिवाय वायरीच्या धाग्यांमधून पाणी वातीसारखं वर चढतं. बाहेरून प्लास्टिक नवंकोरं, आत हातभर काळी पडलेली तार. "तशी वायर मधनं कापून बघायची," मामा म्हणाले, "काळी दिसली की आणखी मागं कापायची. लाल तांबं दिसंपर्यंत."

नुसती घंटी वाजवणारं बटण

मामांचा भाचा डिप्लोमा करून आलाय, शेजारच्या खोलीत त्याचा टॅब आणि स्कॅनर. त्याच्याकडच्या गाड्यांत लाल बटण आठ अँपिअर वाहतच नाही. ते दारावरच्या घंटीसारखं. दाबलं की बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या पेटीला निरोप जातो आणि दिव्यांना करंट ती पेटी देते. फ्लॅशर नाही. टिक-टिकही खरी नाही, मीटरमागच्या स्पीकरमधून येणारा आवाज. हे ऐकून मला उगाचच वाईट वाटलं.

अशा गाडीत शॉर्ट झालं तर फ्यूज उडत नाही. पेटी स्वतःच ती वाट बंद करते आणि बिघाडाचा कोड लिहून ठेवते. भाचा स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि स्क्रीनवरूनच हुकूम देतो: मागचा उजवा लाव. लागला तर पेटी, वायर, बल्ब, अर्थ सगळं ठीक, दोष बटणाच्या बाजूला. न लागला तर तोच जुना खेळ, कपलर आणि बोल्ट. मामांचा 21 वॅटचा बल्ब इथं निषिद्ध आहे. निरोपाच्या वायरीला तो लावला तर पेटीच्या नाजूक पोटातून दीड-दोन अँपिअर खेचले जातील. आणि पिवळ्या कपलरांना कशानंच हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे.

"पेटी गेली म्हणून येणाऱ्या गाड्यांत," भाचा म्हणाला, "पेटी चांगलीच असते बऱ्याचदा. कपलरमध्ये पाणी, नाहीतर उंदीर." उंदरांवर दोन्ही पिढ्यांचं एकमत. बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधणारे, डांबराच्या गोळ्या टाकणारे, दोन्ही पंथांचे लोक कुरतडलेल्या वायरी घेऊन येतात.

चारी लावून सुसाट

चहा आला तेव्हा मी मामांना विचारलं की दिवसाला किती लोक हॅझार्डची तक्रार घेऊन येतात. "हॅझार्डची? कोण न्हाई. इंडिकेटरची येत्यात." बंद पडलेलं कळतच नाही, कारण वापर चुकीच्या जागी होतो. चौकात सरळ जायचं असलं की चारी लावणारे आहेत. पावसात, बोगद्यात, धुक्यात चारी लावून ऐंशीनं जाणारे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ढिगानं दिसतात. त्या वेळी त्यांच्या इंडिकेटरचा दांडा मुका झालेला असतो. लेन बदलली तरी मागच्याला कळत नाही. आणि मधे ट्रक असला की बाजूच्याला चारातला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो, गाडी वळतेय. धावत्या गाडीनं 'मी थांबलेय' असं ओरडत राहायचं, तर खरोखर थांबलेलीनं काय करायचं?

आणि जी खरोखर थांबते तिनं बॅटरीचाही हिशेब ठेवावा. इंजिन बंद, चारी चालू. निम्मा वेळ विझलेले धरून सरासरी चार अँपिअर. छोट्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी चार तासांत जवळपास निम्मी होते, आणि जुनी असेल तर मग स्टार्टर नुसताच कण्हतो. म्हणून लाल चमकता त्रिकोण डिकीत असावा, तो मागे लांबवर उभा करावा. त्याला करंट लागत नाही. ऊस गळीताच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री एकही दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या असतात. त्यांच्या मागे पुन्हा आंबा घाटातलाच सरंजाम, दगड आणि पाला.

पोरगं स्लीव्ह घेऊन आलं. मामांनी वायर मागं-मागं कापत नेली, लाल तांबं दिसल्यावर थांबले. वीतभर नवा तुकडा घातला, सोल्डर केला, स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. सेंट्रल लॉकला बॅटरीवरून वेगळी वायर आणि तिचा वेगळा निळा फ्यूज. टेस्टिंग बल्ब पुन्हा लावला, लख्ख लागला. बटण जागेवर बसवलं.

मी दाबलं. टिक-टिक. मीटरमधले दोन्ही बाण एका लयीत. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला शहाऐंशी. खूश होऊन पर्स उघडली.

मामा तोवर गाडीभोवती फेरी मारत होते, उन्हात दिसावं म्हणून प्रत्येक दिव्यावर हाताचा पंजा धरून. पुढचे दोन, मागचे दोन, डाव्या फेंडरवरचा. उजव्या फेंडरपाशी थांबले, वाकले, काचेवर टिचकी मारली.

"पाच," ते म्हणाले. आणि बिस्किटांच्या दुसऱ्या डब्यात पाच वॅटचा बल्ब शोधू लागले.